शेतकऱ्यांमधला 'र'

'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या निरोपाने स्वयंपाकघरातला माणूस येईल, दुसऱ्याने मठातला. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'सुऱ्या' भाजी चिरतात, 'सूर्या'ला अर्घ्य देतात. बोलताना कोणीही मराठी माणूस यात घोटाळा करत नाही. आघात येतो तिथे रफार, आघात येत नाही तिथे य किंवा ह याला बिलगलेला आडवा, वाकडा, अर्धा र, ही शाळेतली शिकवण. इंग्रजीतले टंकरचनाकार या रूपाला 'पापणीचा र' म्हणतात आणि नाव वाईट नाही, कारण तो दिसतो तसाच.

हिंदीत हा र नाही. हिंदीभाषकाला त्याची गरजच पडत नाही. मराठीत मात्र त्याच्याशिवाय एक पान पुढे सरकत नाही: दुसऱ्या, तिसऱ्या, बऱ्याच, वाऱ्यावर, नोकऱ्या, कर्मचाऱ्यांचे, अधिकाऱ्यांनी, शेतकऱ्यांना. कुऱ्हाड, गाऱ्हाणे, तऱ्हा, वऱ्हाड. कऱ्हाडसारखे गाव आणि गोऱ्हे-कऱ्हाडेंसारखी आडनावे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याच्या पेटीत या र साठी वेगळा खिळा असे, आणि तो घरात असेल तर प्रश्न मिटला. संगणक आल्यावर तो मिटलेला प्रश्न पुन्हा उघडला. तो कसा उघडला आणि कसा अर्धवट बंद झाला याची कागदपत्रे मी गेली पंधरा-सोळा वर्षे गोळा करतो आहे.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि नव्वदच्या दशकात अक्षरजुळणीच्या दुकानात काढलेली वर्षे एवढेच माझे भांडवल. पण त्या दुकानात बसल्यामुळे एक गोष्ट लवकर समजली. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठी सॉफ्टवेअर तयार करणे, ज्याला आज 'स्थानिकीकरण' असे जडजंबाल नाव आहे, ते बहुतेक वेळा भाषेसाठी होत नाही, लिपीसाठी होते. देवनागरी दिसायला लागली की मराठीचे काम झाले, असे धरले जाते. मराठीचे म्हणून जे काही वेगळे आहे ते मग अपवाद म्हणून, उशिरा, कुठल्या तरी कोपऱ्यात बसवले जाते. आपल्या अर्ध्या र चा इतिहास हा या सवयीचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे.

सुरुवात कानपूरला होते. तिथल्या आयआयटीत सत्तरच्या दशकापासून भारतीय लिप्या पडद्यावर आणण्याचे प्रयोग चालू होते. १९८३ साली दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तिथे देवनागरीत चालणारा संगणक लोकांना दाखवला गेला. संमेलन हिंदीचे होते हे लक्षात ठेवावे. याच कामातून 'जिस्ट' हे तंत्र निघाले. मोहन तांबे ते घेऊन पुण्यात नव्याने स्थापन झालेल्या सीडॅकमध्ये आले, ते साल १९८८. साध्या संगणकाच्या पोटात जिस्टचे एक कार्ड खोचायचे, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी, गुजराती, तमिळ अक्षरे उमटायची. आजच्या पोराला यात विशेष वाटणार नाही. ज्याने ते पहिल्यांदा पाहिले त्याला विचारा.

कार्डामागे खरी बुद्धी होती ती सांकेतिक तक्त्यात. या तक्त्याला 'इस्की' म्हणत आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्याला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. आठ बिटांत २५६ जागा असतात. पहिल्या १२८ इंग्रजीच्या होत्या, त्यांना हात लावला नाही. उरलेल्या १२८ मध्ये एकट्या देवनागरीला नव्हे, तर ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या प्रमुख भारतीय लिप्यांना एकत्र बसवले. क चा क्रमांक मराठीत, बंगालीत, तेलुगूत एकच, लिपी बदलली की फक्त चेहरा बदलायचा. पाणिनीच्या देशाला शोभेल अशी ही कल्पना होती, आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आजही आदर वाटतो.

पण सगळ्यांचा एकच तक्ता करायचा तर प्रत्येक भाषेतले जादा वर्ण त्यात घ्यावे लागतात. तमिळ आणि मलयाळममध्ये एक कठीण र आहे. देवनागरीत तो दाखवण्यासाठी र खाली टिंब देण्याची पद्धत केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या 'परिवर्धित देवनागरी'पासून चालत आली होती. तोच हा ऱ. इस्कीच्या तक्त्यात साध्या र च्या शेजारची जागा या दाक्षिणात्य र ला मिळाली. मराठीत हे पूर्ण अक्षर कुठेच येत नाही, आपल्याला हवा असतो तो फक्त अर्धा, पापणीचा. आणि देवनागरीत लिहिताना या टिंबवाल्या र चे अर्धे रूप कोणालाच लागत नव्हते. तेव्हा ठरले असे की कठीण र ला हलन्त जोडला की मराठीचा पापणीचा र दिसावा. म्हणजे मराठी र ला स्वतःचे घर मिळाले नाही, तो तमिळ र च्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहिला. तोड हुशारीची होती, काम भागत होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही त्याप्रमाणेच सोय आहे: ज्या कळीवर र आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो. ज्यांनी इन्स्क्रिप्ट रीतसर शिकून घेतले त्यांना हे ठाऊक असते. बाकीच्यांना 'टिंबवाला र मराठीत कशाला' हा प्रश्न आजही पडतो.

यानंतरचा दशकभराचा काळ मी भराभर सांगतो, कारण त्याची आठवण सुखाची नाही. छपाईचा धंदा इस्कीच्या वाटेने गेलाच नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सुरेख, योगेश अशा टंकांनी बाजार भरला. या टंकांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी चित्रांसारखी ठेवलेली असत. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी खिचडीचाच, फक्त तिच्यावर मराठी मुखवटा. टंक काढून घेतला की मुखवटा गळून पडे. पापणीचा र या टंकांत असायचा, अगदी सुबक असायचा, कारण ते टंक करणारे लोक मराठी होते किंवा मराठी गिऱ्हाइकांसाठी काम करत होते. गंमत आहे ती ही की ज्या काळाला आपण आज मागासलेला म्हणतो त्यात मराठी अक्षराची छापील शोभा जपली गेली. गमावला तो मजकूर. एका टंकातला मजकूर दुसऱ्यात जात नसे, त्यात शोध घेता येत नसे, तो अकारविल्हे लावता येत नसे.

तिकडे ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली होती. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक स्वतंत्र क्रमांक, हे तिचे ब्रीद. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले आणि त्यांतली मांडणी इस्कीच्या १९८८ च्या तक्त्यावरून घेतली. र चा क्रमांक २३५२, ऱ चा २३५३. म्हणजे पोटभाडेकरूसह घर उचलून नव्या गावात नेले. मात्र नेताना भाडेकराराचा कागद मागे राहिला. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९९६ साली, पापणीच्या र साठी वेगळाच मार्ग दिला होता: साधा र, त्याला हलन्त, आणि मग ८२०५ क्रमांकाचा एक 'अदृश्य जोडक', ज्याचे स्वतःचे काहीच रूप नाही. तो फक्त मागच्या-पुढच्या अक्षरांना कसे वागावे ते सांगतो. पुढे इस्कीशी जुळते घेण्यासाठी ऱ आणि हलन्त हा मूळ मार्ग नियमात आला. आधीचा मार्ग काढून टाकला नाही, जुन्या मजकुराच्या सोयीसाठी तोही राहू दिला. आज युनिकोडच्या देवनागरी प्रकरणात हे दोन्ही नियम शेजारी-शेजारी वाचायला मिळतात.

एका अक्षराच्या दोन लिखावटी, आणि डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारख्या. संगणकाच्या दृष्टीने 'ऱ्य' हा एकीकडे २३५३, २३८१, २३५१ असा तीन क्रमांकांचा समूह आहे, तर दुसरीकडे २३५२, २३८१, ८२०५, २३५१ असा चार क्रमांकांचा. इन्स्क्रिप्टने लिहिणारा पहिल्या वाटेने जातो. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याच्या ज्या अनेक सोयी २००० नंतर लोकप्रिय झाल्या, त्यांतल्या कित्येकींनी दुसरी वाट धरली. नेपाळी भाषेतही हा र आहे आणि तिथे तर अदृश्य जोडकाचीच चाल जास्त रूढ झाली. गोव्यात देवनागरीतून कोंकणी लिहिणाऱ्यांसमोरही हीच दोन दारे आहेत.

याने बिघडते काय? मी माझ्यापुरता एक प्रयोग वारंवार करतो. कृषी आणि सहकार या विषयांवरचे बरेच शासकीय निर्णय, परिपत्रके, जुन्या बातम्या मी संगणकावर साठवून ठेवल्या आहेत. 'शेतकऱ्यांना' हा शब्द पहिल्या पद्धतीने लिहून शोधला की कागदांचा एक गठ्ठा सापडतो. दुसऱ्या पद्धतीने शोधला की दुसरा गठ्ठा. दोन गठ्ठ्यांत काही कागद सामाईक असतात, कारण त्यांत दोन वेगळ्या हातांनी मजकूर भरलेला असतो. आणि मग 'शेतकर्यांना' असा सरळसरळ चुकीचा, रफाराचा शब्द शोधला की तिसरा गठ्ठा निघतो. हा तिसरा कुठून आला? बहुतेक कोणी चुकीचे लिहिलेले नसते. अदृश्य जोडक अदृश्य असल्यामुळे कित्येक संगणकीय व्यवस्था त्याला कचरा समजून गाळून टाकतात. तो गळला की उरतो साधा र, हलन्त आणि य. या तिघांचे एकत्र रूप म्हणजे रफार. आचाऱ्याचा आचार्य होतो तो इथे.

काही वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. जुन्या टंकातला मजकूर कुठल्याशा परिवर्तकातून काढून युनिकोडमध्ये आणलेला. संस्थेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांवरचा तो विभाग होता आणि त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'कर्मचार्यांचा सत्कार' छापायला निघाला होता. ज्यांचा सत्कार, त्यांचीच अक्षरे मोडलेली. छपाई दोन दिवसांवर होती. हाताने बसून सगळे दुरुस्त केले, कारण सरसकट बदल करायला गेले तर 'आचार्य', 'कार्य', 'सूर्य' हेही बदलले असते. यंत्राला दोन्हींतला फरक सांगायला काही खूण उरलीच नव्हती.

'ॲ' ची कथा याच वळणाची, पण तिला शेवट बरा मिळाला. इंग्रजी शब्दांतला हा स्वर आपण अ वर चंद्र देऊन लिहितो: ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम. इस्कीत आणि त्यावरून युनिकोडमध्ये जागा होती ती ए वर चंद्र दिलेल्या 'ऍ' ला. मराठी माणसाला हे अक्षर नेहमी थोडे परके वाटले. लोकांनी मग तोड काढली: अ लिहायचा आणि त्याला चंद्राची मात्रा वेगळी जोडायची. नियमाने स्वराला मात्रा लागत नाही, म्हणून अनेक पडद्यांवर त्या मात्रेखाली एक ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. अखेर एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत 'ॲ' ला २४१८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. पहिल्या आवृत्तीनंतर तब्बल सोळा वर्षांनी. तोपर्यंत 'ॲड.' हा साधा संक्षेप तीन तऱ्हांनी लिहिलेला मजकूर तयार झालेला होता, आणि तो आजही तसाच पडून आहे. 'बँक' चेही तेच. कोणी चंद्रबिंदू देतो, कोणी चंद्र देऊन वर अनुस्वार. कित्येक टंकांत दोन्ही एकसारखे दिसतात.

देवनागरीला घराघरांतल्या संगणकावर आणण्याचे श्रेय विंडोज २००० ला जाते. त्यात हिंदी, संस्कृत, कोंकणी यांच्याबरोबर मराठीलाही भाषा म्हणून वेगळा क्रमांक मिळाला, ११०२. सोबत आलेला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवलेला. सुलेखनात आणि टंकरचनेत आयुष्य घालवलेल्या या मराठी कलावंताचे काम आज कोट्यवधी लोक नाव न जाणता वाचतात. तरीही एक टंक सगळ्या देवनागरी भाषांसाठी असला की प्रश्न उरतोच. मराठीचा श देठाचा आणि ल पाकळीचा, हिंदीच्या छापील वळणात श वेगळा आणि ल दंडाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेबद्दलचा निर्णय काढून मराठी वळण प्रमाण म्हणून सांगितले. यावर टंकरचनाकारांनी पुढे चांगला उपाय वापरला. एकाच टंकात दोन्ही वळणे ठेवायची आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले की श, ल आपोआप आपल्या वळणाचे घ्यायचे. मात्र मजकुराची भाषा मराठी आहे, हे कोणीतरी संगणकाला सांगायला हवे ना! बहुतेक ठिकाणी ते सांगितले जात नाही, आणि टंकातली मराठी अक्षरे पेटीतच राहतात.

अनुक्रमाचेही तसेच आहे. शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असे संपवतो. क्रमांकांच्या हिशेबाने ळ येतो ल च्या लगेच मागे, क्ष क च्या पोटात आणि ज्ञ ज च्या. भाषेप्रमाणे वेगळा क्रम लावता यावा, तारखा-आकडे-अनुक्रम यांची माहिती एका ठिकाणी मिळावी, यासाठी सीएलडीआर नावाचा सामाईक साठा २००४ पासून तयार होत आला आहे. त्यातली एक नोंद मला फार आवडते. हिंदीसाठी तिथे नेहमीचे अंक म्हणून इंग्रजी वळणाचे अंक दिलेले आहेत, मराठीसाठी देवनागरी. एसटीच्या पाटीवर, पंचांगावर, या अंकाच्या पानांवर आपण १, २, ३ लिहितो ही गोष्ट कोणीतरी नोंदवून ठेवली. लिपी सोडून भाषेकडे पाहिल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण.

अक्षरांपलीकडे वाक्ये आहेत, आणि तिथे अडचण अधिक खोल जाते. सॉफ्टवेअरमधली वाक्ये कार्यक्रमातून वेगळी काढून अनुवादकाच्या हाती देण्याची रीत ग्नू प्रकल्पाच्या 'गेटटेक्स्ट'ने १९९५ पासून घालून दिली. मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादांचा बराचसा इतिहास त्या लांबलचक याद्यांमधून घडला. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठी, मध्ये कुठे तरी रिकामी जागा, जिथे आयत्या वेळी नाव किंवा आकडा येऊन बसणार. 'दहापैकी तिसरे पान' हे इंग्रजी उलट क्रमाने सांगते, पण रिकाम्या जागांची अदलाबदल करायची सोय असल्याने ते निभते. 'हटवले' पाशी मात्र अनुवादक थांबतो. काय हटवले? फोल्डर असेल तर हटवला, फाइल असेल तर हटवली, चित्र असेल तर हटवले. इंग्रजीला लिंग विचारावे लागत नाही. हिंदीला दोन पुरतात, आपल्याला तीन.

त्याहून मोठी अडचण विभक्तीची. हिंदीत शब्दयोगी अव्यय सुटे लिहितात आणि गावाचे नाव सहसा जसेच्या तसे राहते, म्हणून रिकाम्या जागेपुढे 'में' लिहिले की झाले. हिंदीचा साचा पाहून मराठीचा साचा केला जातो आणि 'मध्ये' लिहिले जाते, मध्ये एक जागा सोडून. मुंबईला आणि नाशिकला ते कसेबसे चालते. पुण्याला नाही, कारण पुणे 'मध्ये' शिरताना पुण्या होते. साताऱ्याला तर मुळीच नाही. पावसाची खबर देणारे कित्येक कार्यक्रम आजही 'सातारा मध्ये पाऊस' असेच सांगतात. एखादे नाव सामान्यरूपात कसे बदलेल, हे यंत्राला शिकवणे अशक्य नाही. 'आ'कारान्त पुल्लिंगी नामांचा नियम दामले-वाळिंब्यांच्या व्याकरणांत मुलांना समजेल अशा शब्दांत लिहिलेला आहे. पण त्यासाठी साचा तयार करतानाच जागा ठेवावी लागते. ती इंग्रजीने ठेवलेली नव्हती आणि हिंदीला तिची तेवढी निकड नव्हती.

अनुवादकांनी यावर जी पळवाट शोधली ती मराठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून रोज जाते. वाक्य मोडायचे आणि दोन टिंबे द्यायची. 'हटवले : फाइल'. 'पाठवणारे : अमुक'. 'ठिकाण : सातारा'. दोन टिंबे आली की नावाला विभक्ती लागत नाही, सामान्यरूप होत नाही, आणि 'साताऱ्यात' मधला तो अर्धा र लिहावाच लागत नाही.